शेजारच्या आजींच्या टेपवरचा ब्लूज पियानो: वाजवणारा कोण? आणि मागून उलटं काय ऐकू येतंय?

पेटीवाली

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वेळा नुसतीच वाचत असते, पण आज अडलंय.

मी सेंट लुइसमध्ये राहते. लहानपणी पेटी शिकले, इथे आल्यावर पियानोकडे वळले आणि गेली सहा-सात वर्षं जुना ब्लूज पियानो ऐकायचं वेड लागलंय. वाजवते बेताचंच. आमच्या शेजारी एक आजी राहायच्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. उन्हाळ्यात त्या मुलीकडे मेम्फिसला कायमच्या राहायला गेल्या. घर आवरताना त्यांनी मला एक बुटांचा खोका दिला. "तू वाजवतेस ना, तुला कळेल," एवढंच म्हणाल्या. आत सात इंची दोन रिळं. एकावर मुलांची नाताळातली बडबड आहे. दुसऱ्याच्या डबीवर पेन्सिलीने लिहिलंय: 'पियानो, पुढची खोली, ५८'.

माझ्याकडे टेपचं मशीन नाही. म्हणून एका डिजिटायझेशनच्या दुकानातून फाइल करून घेतली. साधारण अर्ध्या तासाची आहे. पहिल्यांदा ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही. घरातला उभा पियानो, मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या खडखडतात, पाय जमिनीवर आपटतोय, कुणीतरी बश्या उचलतंय, आणि एक माणूस बारा बारचं (ब्लूजमधलं, चार-चार मात्रांच्या बारा गटांचं) चक्र असं फिरवतोय की जणू आयुष्यभर दुसरं काही केलंच नाही. अधूनमधून गातो. आवाज पातळ आहे, पण तरुण नाही. गाताना मध्येच स्वतःच हसतो.

आता अडचणी. पियानो कुठल्याच पट्टीत बसत नाही. काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतोय, पांढरी तीनच्या जास्त जवळ. मी बरोबर वाजवायला बसले की दात आंबतात. दुसरं म्हणजे मागून सतत काहीतरी उलटं ऐकू येतं. सूर हळूच फुगत येतो आणि एकदम तुटतो, बोलणं रशियन वाटावं असं. दुकानदार म्हणाला, टेप खराब झाली आहे, इतक्या वर्षांनी असंच व्हायचं.

आणि खरा प्रश्न: हा कोण? तो 'डर्टी डझन्स' वाजवतो, ओळखू येण्याइतकं स्पष्ट. गाव सेंट लुइस, साल १९५८. माझ्या मनात एकच नाव येतंय, स्पेकल्ड रेड. मी उगाच हवेत तर नाही ना? आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, ते घर नवऱ्याच्या मावशीचं, तिथे शनिवारी पाच-सहा जण वाजवायला यायचे, कोणाकोणाची नावं लक्षात ठेवणार. फोनवर थोडं ऐकवलंही. "नाही बाई, ओळखीचं वाटत नाही," म्हणाल्या.

कुणी मार्ग दाखवेल का?

रीळ_आणि_धूळ

पेटीवाली ताई, आधी एक विनंती. पुढचं वाचून होईपर्यंत ते रीळ कुठल्याही मशीनवर चढवू नका आणि कुणाला चढवू देऊ नका.

तुमची टेप खराब झालेली नाही. दुकानदाराने चुकीच्या डोक्याने वाजवली आहे. डोकं म्हणजे मशीनचं, हेड. त्या काळची घरगुती मोनो मशीनं टेपच्या अर्ध्याच रुंदीवर रेकॉर्ड करायची. एक बाजू संपली की रीळ उलटं करून उरलेल्या अर्ध्यावर दुसरी बाजू. कॅसेटची ए आणि बी बाजू आठवा, तेच. आता अशी टेप कुणी पूर्ण रुंदीच्या हेडवर वाजवली, किंवा स्टिरिओ मशीनवर वाजवून दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या, तर एक बाजू सुलटी आणि दुसरी उलटी, अशी दोन्ही एकदम ऐकू येतात. पियानोचा सूर खरं तर ठोक्याने सुरू होऊन विरत जातो. तो उलटा ऐकला की फुगत येऊन तुटतो. तुम्ही लिहिलंय ते तंतोतंत हेच.

थोडक्यात, तुमच्याकडे अर्धा तास नाही, एक तास आहे. दुसरी बाजू अजून कुणी ऐकलेलीच नाही.

दुकानाने दिलेली फाइल मोनो आहे की स्टिरिओ, ते बघा. स्टिरिओ असेल तर नशीब. डावी वाहिनी वेगळी करा, उजवी वेगळी करून उलटी फिरवा, काम झालं. मोनो असेल तर दोन्ही बाजू एकमेकींत कालवल्या गेल्या आहेत आणि त्या परत वेगळ्या होत नाहीत. मग नव्याने ट्रान्सफर करावं लागेल, दोन ट्रॅकच्या हेडवर, दोन्ही वाहिन्या वेगवेगळ्या ठेवून, २४ बिट ९६ किलोहर्ट्झमध्ये.

त्याआधी रीळ उजेडासमोर धरून बघा. गुंडाळलेल्या टेपमधून उजेड आरपार दिसला तर ती अ‍ॅसिटेटची आहे, १९५८ ला बहुधा तीच असणार. अपारदर्शक दिसली तर पॉलिएस्टर. नाकाजवळ न्या. व्हिनेगरचा वास आला तर अ‍ॅसिटेट कुजायला लागलंय आणि घाई करायला हवी. आणि कुणी "टेप ओव्हनमध्ये भाजून घ्या" असं सांगितलं तर तिथून उठून या. तो उपाय सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, चिकट झालेल्या पॉलिएस्टर टेपसाठी आहे. त्यांचा बाइंडर (चुंबकी भुकटी टेपला चिकटवून ठेवणारा थर) हवेतली ओल शोषून घेतो, म्हणून त्या चोपन्न-पंचावन्न अंश सेल्सिअसला काही तास ठेवतात. अ‍ॅसिटेट भाजली तर वाकडीतिकडी होईल आणि मग देवही वाचवणार नाही. (एका गृहस्थांनी घरच्या ओव्हनमध्ये, पिझ्झाच्या जाळीवर, हे केलेलं मी पाहिलंय. जाऊ दे.)

आता पट्टीचं. पियानोवरून वेग ठरवू नका, कारण घरातला पियानो वर्षानुवर्षं न लावलेला असतो, उतरलेला असतो. टेपवर दुसरं घड्याळ आहे: विजेचा हम. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. त्या मशीनने पियानोबरोबर भिंतीतल्या विजेची ती घूंऽऽ सुद्धा टिपलेली असते. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) पियानो थांबलेला असतानाचा एखादा तुकडा निवडा, स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख) काढा, साइझ मोठ्यात मोठी ठेवा. ६० वर एक टोक दिसेल. ते तुमच्या दुकानदाराच्या मशीनचं, त्याकडे दुर्लक्ष करा. त्याच्या आजूबाजूला दुसरं टोक आहे का? तीच १९५८ ची वीज. ती ६० वर नसेल तर वेग चुकलाय, आणि किती चुकलाय हेही त्यातूनच कळतं. नीट दिसत नसेल तर दुप्पट-तिप्पट आकड्यांपाशी, म्हणजे १२० आणि १८० च्या आसपास शोधा. तिथे फरक मोठा दिसतो.

आकडे इथे टाका.

डावाहात

रीळभाऊंनी यंत्राचं सांगितलं. मी माणसाचं बोलतो. आधीच सांगतो, मी नाव सांगणार नाही. नाव सांगायची घाई झाली की कान बंद होतात. असल्या बेनामी टेपांवर लोकांनी कुणाकुणाची नावं चिकटवली, ते मी भरपूर पाहिलंय.

स्पेकल्ड रेड का सुचला ते समजतं. खरं नाव रूफस पेरीमन, जन्म १८९२, मूळचा लुइझियानातल्या मन्रोचा. १९२९ मध्ये मेम्फिसला ब्रन्सविक कंपनीसाठी 'द डर्टी डझन' रेकॉर्ड केलं आणि ते गाजलं. मग १९३८ मध्ये इलिनॉयमधल्या ऑरोराला आणखी एक सत्र, आणि त्यानंतर रेकॉर्ड कंपन्यांच्या लेखी माणूस गायब. १९५४ मध्ये तुमच्याच गावातल्या चार्ली ओब्रायन या जॅझवेड्या पोलिसाने त्याला शोधून काढलं. मग बॉब केस्टरच्या कंपनीसाठी (आजची डेलमार्क, तेव्हा डेलमार) रेकॉर्डिंग झाली, आणि १९५९ मध्ये तो युरोपचा दौराही करून आला. म्हणजे १९५८ ला तो सेंट लुइसमध्ये होता आणि वाजवत होता. इथवर तुमचं जुळतंय.

पण 'डझन्स' वाजवतो म्हणून तो स्पेकल्ड रेड, हे म्हणजे अभंग म्हणतो म्हणून तुकाराम. 'डझन्स' हा मुळात एकमेकांच्या आयांवरून शिव्या देण्याचा खेळ, रेकॉर्डवर आला तो धुऊन-पुसून. रेकॉर्ड गाजल्यावर ज्याला पियानोवर दोन हात ठेवता येत होते त्या प्रत्येकाने ते वाजवलं. त्याचे शब्द ऐका. घरात वाजवताना माणूस रेकॉर्डवरची कडवी म्हणतो की स्वतःची?

आणि डावा हात ऐका. माझं नावच ते आहे, तेव्हा थोडं सहन करा. उजवा हात कुणाचीही नक्कल करतो. डावा हात माणूस वयाच्या बाराव्या-पंधराव्या वर्षी कुठेतरी बसून शिकतो आणि मग तो बदलत नाही. स्पेकल्ड रेडचा डावा हात धसमुसळा आहे, पळणारा, सफाईची पर्वा न करणारा. दृष्टी फार अधू, पियानोही हाताशी येईल तो, त्यामुळे सगळं वाजवणं दणक्याचं. तुम्ही लिहिलंय, "चक्र फिरवतोय". मला त्यावरून जास्त गुळगुळीत काहीतरी वाटतंय.

सेंट लुइसची स्वतःची एक चाल होती. हेन्री ब्राउन ऐका. डीप मॉर्गन वस्तीतला माणूस, १९२९-३० मध्ये रेकॉर्ड केलं, आणि नंतर १९६० मध्ये ब्लूजचा अभ्यासक पॉल ऑलिव्हर याने इंग्लंडहून येऊन त्याला परत रेकॉर्ड केलं. त्याचा डावा हात म्हणजे संथ, चार सारखी पावलं टाकत जाणारा माणूस. उजवा हात अगदी थोडं बोलतो आणि गप्प बसतो. ती गप्प बसायची हिंमत शिकागोवाल्यांत कमी. वॉल्टर डेव्हिस ऐका. तिसाच्या दशकात त्याच्या भरमसाट रेकॉर्ड निघाल्या आणि उतारवयात तो हॉटेलच्या काउंटरवर काम करत होता. रूझवेल्ट साइक्स तर आर्कान्सातून इथे आला आणि १९२९ मध्ये '४४ ब्लूज'ने सुरू झाला. त्या '४४' ची गंमत म्हणजे डावा हात एक सांगतो, उजवा भलतंच, दोघं भांडत जातात आणि तरी समेवर एकत्र येतात. लिटल ब्रदर मॉन्टगोमेरीने तीच चीज 'विक्सबर्ग ब्लूज' म्हणून १९३० मध्ये रेकॉर्ड केली. ती त्याच्याकडून ली ग्रीनकडे गेली आणि ग्रीनकडून साइक्सकडे. म्हणजे घराणंच म्हणा.

तेव्हा मला तीन गोष्टी ऐकून सांगा. संथ चीजांत डावा हात चालतो की डोलतो? गाताना पियानो आवाजाखाली थांबतो की बरोबर बडबडत राहतो? आणि चीज संपवतो कशी? शेवट ही सहीच असते. शिकागोच्या जिमी यान्सीचं उदाहरण घ्या. चीज कुठल्याही पट्टीत असो, संपवताना हा माणूस ई फ्लॅटमध्ये येऊन दार लावायचा. आपली काळी दोन. सगळी चीज दुसरीकडे आणि शेवटचे दोन ठोके काळी दोनमध्ये. पहिल्यांदा ऐकलं तर वाटतं, रेकॉर्ड चुकून दुसऱ्या गाण्यावर उडाली.

एकश्रोता

मधेच तोंड घालतो. तो "शोधून काढलं" शब्द मला खटकतो. स्पेकल्ड रेड हरवला कुठे होता? सेंट लुइसमध्येच होता, वाजवत होता. पियानोवाल्या मीड लक्स लुइसने १९२७ मध्ये 'हॉन्की टॉन्क ट्रेन' रेकॉर्ड केलं, आणि आठ वर्षांनी रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंडला तो शिकागोत 'सापडला' तेव्हा गाड्या धूत होता. यान्सी तर व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या मैदानावर गवत राखायचा, पंचवीस वर्षं, आणि त्याची पहिली रेकॉर्ड १९३९ ची, म्हणजे चाळिशीत निघाली. टेक्ससचा रॉबर्ट शॉ ऑस्टिनमध्ये स्वतःचं किराणा दुकान चालवत होता. गिऱ्हाइकांना तो रोज सापडत होता की. १९६३ ला रेकॉर्ड निघाली म्हणून तो १९६३ ला जन्मला नाही.

हरवलेल्या असतात त्या कंपन्या. पॅरामाउंट ही रेकॉर्ड कंपनी म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्यांच्या कारखान्याची पिल्लू कंपनी. ती बुडाली आणि तिच्या धातूच्या मास्टर (रेकॉर्डचे मूळ साचे) भंगारात गेल्या. माणसं आपापल्या घरी होती.

डावाहात

एकश्रोता, मान्य. पण ओब्रायन गेला नसता तर १९५६ नंतरचा रेड तुम्ही-मी ऐकला नसता, हेही मान्य करा. आणि माझ्या मते १९२९ चा रेड जास्त धारदार असला, तरी साठीतला रेड जास्त खरा आहे. बोलतो, खोकतो, वेळेचं बंधन नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर तीन मिनिटांत आटपावं लागायचं. टेपवर माणूस पसरून बसतो.

पेटीवाली

फाइल मोनो आहे. हाय रे दैवा.

पण रीळभाऊ, तुमचं सगळं करून बघितलं. टेप उजेडाला धरली, आरपार दिसली, वास नाही. आणि हम! ६० वर एक सुई आहे, अगदी ताठ. तिच्या शेजारी दुसरी, सुरुवातीला ६३.१ च्या आसपास, फाइलच्या शेवटी ६३.६ पर्यंत सरकते. १२७ जवळही दिसली. मला वाटत होतं तुम्ही गंमत करताय.

रीळ_आणि_धूळ

म्हणजे सरासरी ६३.४ धरा. फाइल साडेपाच टक्क्यांच्या आसपास वेगात आहे, जवळजवळ पूर्ण एक अर्धसूर चढा. शेवटाकडे वाढतंय, कारण रेकॉर्ड करताना देणारं रीळ रिकामं होत गेलं, टेपवरचा ताण वाढला, मशीन आणखी मंदावलं. मंद मशीनवर रेकॉर्ड केलेलं बरोबर वेगाच्या मशीनवर वाजवलं की चढंच ऐकू येणार. जुन्या पट्ट्याच्या मशीनांत हे होतं.

'चेंज स्पीड' वापरा, उणे ५.४ च्या जवळपास. 'चेंज पिच' नाही, त्याने फक्त सूर उतरेल, चाल तशीच घाईची राहील. नवीन ट्रान्सफर झाल्यावर तुकड्या-तुकड्याने नीट दुरुस्त करता येईल. पण आत्ता नुसतं एवढं करून ऐका. माणूस बदलेल.

कायद्याचं_बोला

कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण हे पुढे येणारच. ताई, ही फाइल उत्साहाच्या भरात नेटवर चढवू नका. रीळ तुमच्या हातात असणं आणि त्यावरच्या संगीताचे हक्क तुमचे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांवर २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन अ‍ॅक्टने संघराज्याचं संरक्षण आणलं. १९२३ ते १९४६ दरम्यान प्रकाशित झालेल्यांना शंभर वर्षं, १९४७ ते १९५६ वाल्यांना एकशे दहा. तुमच्यासारखी, कधीच प्रकाशित न झालेली टेप उरलेल्यांत मोडते, म्हणजे १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत. रचनेचे हक्क आणखी वेगळे.

वाजवणाऱ्याचे वारस शोधा, आजींच्या घरच्यांची लेखी संमती घ्या. मूळ रीळ कुणा संग्रहाला द्यायचं ठरलं तर तुमच्या नदीपलीकडेच एडवर्ड्सव्हिलला, सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या लव्हजॉय ग्रंथालयात, रॅगटाइम आणि जॅझचा संग्रह आहे. ब्लूजसाठी मिसिसिपी विद्यापीठाचा ब्लूज आर्काइव्हही. पण निर्णय आजींचा.

पेटीवाली

तीन आठवड्यांनी परत येतेय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

रेडिओतून निवृत्त झालेल्या एका तंत्रज्ञांनी घरचं दोन ट्रॅकचं मशीन वापरू दिलं. स्वतः शेजारी बसून राहिले, रिळावर बोटही ठेवू देईनात. दोन्ही वाहिन्या वेगळ्या आल्या. दुसरी उलटवली, हमवरून दोन्हींचा वेग लावला. पियानो आता काळी दोनवर बसतो, किंचित उतरलेला. वीस-तीस सेंट (अर्धसुराचे शंभर भाग केले तर त्यातले वीस-तीस) असेल. बिचाऱ्याला बरीच वर्षं कुणी लावलं नसणार.

पहिली बाजू वेग उतरवून ऐकली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. पातळ आवाजाचा म्हातारा नाहीसा झाला. त्याच्या जागी रुंद छातीचा, सावकाश बोलणारा माणूस. हसणंसुद्धा खाली उतरलं. आधी ते खिदळणं वाटायचं, आता पोटातून येतंय.

आणि दुसरी बाजू. ती तर वाजवण्यापेक्षा बोलण्याची आहे. तो दोन चक्रं वाजवतो, थांबतो, कुणाला तरी सांगतो, "हे मी बिडल स्ट्रीटवर ऐकलं, मी अर्ध्या चड्डीत होतो." मग परत वाजवतो. एकदा म्हणतो, "आता रात्रीचं वाजवतो, मुलांना आत न्या," आणि 'डझन्स' पुन्हा सुरू करतो. डावाहात, कडवी त्याची स्वतःची आहेत. मी ती इथे लिहिणार नाही, माझी आईसुद्धा या साइटवर येते. मध्येच एका मुलीचा आवाज येतो: "अजून एक. ते हळूवालं." तो म्हणतो, "हळूवालं सोपं नसतं, पोरी."

मी आजींना फोन लावला. आधी, आठवण म्हणून, जुनी फाइल परत थोडी वाजवली. त्या म्हणाल्या, "तेच ना मागचं. नाही ओळखीचं." मग नवी लावली. तो बोलायला लागला आणि दहा सेकंदांत त्या म्हणाल्या, "अगं, हे तर काका." नवऱ्याच्या मावशीचे यजमान. म्हणजे ज्या घरात टेप झाली त्या घराचे मालकच. पाच-सहा जण वाजवायला यायचे त्यांत घरचा माणूस त्यांनी धरलाच नव्हता! रेल्वे यार्डात नोकरी, १९५८ ला साठीला आलेले. तरुणपणी डीप मॉर्गनमध्ये घरभाडं जमवायच्या पार्ट्यांत वाजवायचे. रेकॉर्ड कधी केली नाही. कुणी विचारलं नाही की त्यांनी नाही म्हटलं, ते आजींना माहीत नाही. आजी ओळखायच्या ते त्यांच्या बोलण्यावरून. माझ्या आधीच्या फाइलमध्ये बोलणारा माणूस दुसराच होता, साडेपाच टक्क्यांनी.

मग मी त्या मुलीचा तुकडा लावला. "अजून एक. ते हळूवालं." पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला. मग आजी म्हणाल्या, "परत लाव." परत लावलं. "ती मी आहे. नवं लग्न झालं होतं. त्या घरात मला कुणाशी बोलायची भीती वाटायची."

पाच वेळा लावून घेतलं.

नाव इथे देत नाही. त्यांच्या घरचे ठरवतील. कायद्याचं_बोला, संमतीचा कागद मुलीकडे गेलाय. रीळ आजींना परत हवं आहे, संग्रहाला नंतर बघू म्हणाल्या.

डावाहात, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. संथ चीजांत डावा हात चालतो, डोलत नाही. गाताना पियानो जवळजवळ गप्प होतो, ओळ संपल्यावर दोनच सूर उत्तर देतो. आणि शेवट... तो शेवट करतच नाही! प्रत्येक वेळी अकराव्या बारवर काहीतरी बोलायला लागतो आणि हात उचलतो. तासभर ऐकूनही एकही चीज समेवर संपलेली नाही. एकच अपवाद, दुसऱ्या बाजूचं ते हळूवालं. ते पूर्ण वाजवलंय, साडेपाच मिनिटं, आणि मध्ये कुणीही बोलत नाही, बश्यासुद्धा नाहीत. ते कुठलं आहे मला कळत नाहीये. डावा हात खालून वर एक पायरी-पायरीचं काहीतरी चढतो आणि उजवा त्याच्याकडे लक्षच देत नाही. दोघं वेगळ्या खोल्यांत वाजवल्यासारखे.

डावाहात

खालून वर, पायरी-पायरीने? आणि उजवा वेगळा?

हे '४४' च्या कुळातलं वाटतंय. पण '४४' इतकं हळू कुणी वाजवत नाही. साइक्सही नाही, मॉन्टगोमेरीही नाही. साडेपाच मिनिटं तर कुणीच नाही. आजींची हरकत नसेल तर तेवढाच तुकडा ऐकवाल का मला? इथे नको, खाजगीत. आणि आणखी एक. चढताना तो चौथ्या पायरीवर थोडा अडखळतो का? म्हणजे मुद्दाम?

पेटीवाली

अडखळतो. प्रत्येक वेळी तिथेच. मला वाटलं पट्टी खराब आहे.

आजींना विचारते आणि पाठवते.